वेस्टमिन्स्टरच्या जुन्या दिवाणखान्यात

लंडनला जाऊन आलेल्या माणसाच्या घरी चहाला गेलो की काही छायाचित्रे हमखास पाहावी लागतात. बिग बेनचे घड्याळ, थेम्सवरचा उघडमीट होणारा पूल, अस्वलाच्या केसांची टोपी घातलेला पहारेकरी आणि मेणाच्या पुतळ्याशेजारी तितक्याच निश्चल चेहऱ्याने उभे असलेले आपले यजमान! कोहिनूरचे छायाचित्र तेवढे नसते, कारण टॉवरमध्ये ते काढू देत नाहीत. त्याची भरपाई यजमान तोंडी वर्णनाने करतात.

आम्हीही हे सारे यथासांग केले. भाच्याच्या आग्रहावरून उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही उभयता तीन आठवडे लंडनला होतो. पण त्या तीन आठवड्यांत ज्या एका वास्तूत मी पुन्हा पुन्हा गेलो, ती बिग बेनच्या अगदी सावलीत असूनही बहुतेकांच्या छायाचित्रांत सापडत नाही. तिचे नाव वेस्टमिन्स्टर हॉल. मी मराठीचा अध्यापक. इंग्लंडचा इतिहास हा काही माझा विषय नव्हे. परंतु बखरी, सनदा आणि आज्ञापत्रे वर्षानुवर्षे शिकविता शिकविता जुन्या कागदांची एक खोड जडते. राज्य चालते म्हणजे नेमके काय चालते, कोण कोणाला लिहितो, कोण कोणाला हिशोब विचारतो, हे पाहण्याची ती खोड. तिच्यापायी ही भटकंती घडली.

पार्लमेंटची जी टोकदार मनोऱ्यांची इमारत आपण चित्रात पाहतो, ती एकोणिसाव्या शतकातली. वयाने आपल्या मुंबईतल्या जुन्या सरकारी इमारतींची थोरली बहीण म्हणता येईल इतकीच. पण तिच्या पोटात हा दिवाणखाना आहे तो सन १०९७ ते १०९९ च्या सुमारास बांधलेला. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचा मुलगा विल्यम रूफस याने तो बांधला. लांबी सुमारे २४० फूट आणि रुंदी ६८ फूट. बांधून झाल्यावर लोक म्हणाले, हा फारच मोठा झाला. त्यावर राजा म्हणाला, मला हवा होता त्याच्या निम्मासुद्धा झालेला नाही! अशी कथा जुन्या बखरकाराने नोंदविली आहे. रूफसला तो मेजवान्यांसाठी हवा होता. पुढे येथे इतिहासाने जे वाढून ठेवले, त्याची त्याला स्वप्नातही कल्पना नसेल.

आत पाऊल टाकले की पहिली जाणीव होते ती गारव्याची. बाहेर ऊन असले तरी दगडी फरशीतून थंडी वर येते. मग मान आपोआप वर जाते. एवढ्या रुंद दालनात मध्ये एकही खांब नाही. दोन्ही भिंतींतून पुढे आलेल्या ओकच्या तुळयांवर कमानी, कमानींवर पुन्हा तुळया, आणि प्रत्येक तुळईच्या टोकाला कोरलेला देवदूत. शेकडो टन वजनाचे हे लाकडी छत दुसऱ्या रिचर्ड राजाने १३९३ पासून करवून घेतले. ह्यू हर्लंड नावाच्या सुताराचे ते काम. आमच्या सौभाग्यवती बराच वेळ वर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढे घर बांधणाऱ्याला येथे सुखाने राहायला मिळाले का हो?" प्रश्न साधा होता, पण या वास्तूची सगळी गोष्ट त्या एका प्रश्नात आहे. तिचे उत्तर नीट द्यायचे तर थोडे मागे जायला हवे.

रूफसच्या बापापासून आरंभ करू. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. परका राजा, परकी भाषा, मूठभर सैनिक आणि सगळा मुलूख मनातून विरुद्ध! असा माणूस किल्ले बांधतो, तसे त्याने बांधलेच. पण १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टर येथे दरबार भरवून त्याने जो हुकूम काढला, तो किल्ल्यांहून टिकाऊ ठरला. सगळ्या मुलखाची पाहणी करा, असा तो हुकूम. गावोगाव राजाची माणसे गेली. हे गाव पूर्वीच्या राजाच्या वेळी कोणाकडे होते, आता कोणाकडे आहे, नांगर किती, कुळे किती, गुलाम किती, गिरण्या किती, कुरण किती, तेव्हा उत्पन्न काय होते, आता काय आहे, आणि याहून जास्त निघेल का? हा शेवटचा प्रश्न वाचला की कोणत्याही काळातला वसुली अधिकारी डोळ्यांपुढे उभा राहतो. एक बैल, एक गाय, एक डुक्करसुद्धा सुटले नाही म्हणून त्या वेळच्या इंग्रज बखरकाराने संताप व्यक्त केला आहे.

तेरा हजारांवर गावांची ही जमाबंदी लॅटिन भाषेत कातड्यावर लिहिलेली आहे. लंडनच्या पश्चिमेला क्यू येथे राष्ट्रीय दप्तरखाना आहे, तेथे ती ठेवली आहे. मूळ ग्रंथ आपल्यासारख्याच्या हाती कोण देणार? पण त्याच्या पानांची छायाचित्रे पाहिली. ओळीवर ओळ, शिस्तीत, मधूनमधून तांबड्या शाईची रेघ. लोकांनी या ग्रंथाला नाव दिले डूम्सडे बुक, म्हणजे कयामतीच्या दिवसाची वही. त्या दिवसाच्या निवाड्यावर जसे अपील नाही, तसेच या वहीतल्या नोंदीवरही नाही!

या पाहणीची एक बाजू मात्र सहज नजरेतून सुटते. माहिती दिली कोणी? गावागावांतून शेरीफ, पाद्री, गावकामगार आणि काही गावकरी यांना शपथ घालून ती काढून घेतली. जिंकलेल्या लोकांच्या तोंडूनच सत्य वदवून घ्यायचे, ही युक्ती राजाच्या सोयीची होती. परंतु शेजाऱ्यांनी शपथेवर सांगितलेले ते खरे, अशी सवय राज्याला एकदा लागली, की ती राजाच्या सोयीपुरतीच राहते असे नाही.

पाहणी झाली की वसूल आला आणि वसूल आला की हिशोब आला. विल्यमचा धाकटा मुलगा पहिला हेन्री याच्या काळात राज्याचा हिशोब तपासण्याची जी कचेरी पुढे आली, तिचे नाव एक्सचेकर. आजही ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला याच कचेरीवरून 'चान्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणतात. नावात एवढे भारदस्त काय आहे म्हणून पाहावे, तर ते आले आहे बुद्धिबळाच्या पटावरून! दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असे एक मेज, त्यावर चौकटींचे कापड. एका बाजूला राजाचे अधिकारी, समोर जिल्ह्याचा वसूल घेऊन आलेला शेरीफ. चौकटींवर गोट्या मांडायच्या. एक रकाना पेनीचा, एक शिलिंगाचा, एक पौंडाचा. शेरीफला लिहिता-वाचता येत नसे, आणि रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणे हे लिहिता येणाऱ्यालाही संकटच होते. पण मांडलेल्या गोट्या दोघांनाही दिसत. ईस्टरला एकदा आणि सप्टेंबरअखेर मायकेलमसला एकदा असा वर्षातून दोनदा हा डाव मांडला जाई, आणि शेरीफला तो बहुतेक वेळा जड जाई.

पैसे भरल्याची पावती लाकडाची असे. हेझल झाडाची काठी घ्यायची, तिच्यावर खाचा पाडायच्या. तळहाताइतकी रुंद खाच म्हणजे हजार पौंड, अंगठ्याइतकी म्हणजे शंभर, करंगळीएवढी म्हणजे वीस, आणि जवाच्या दाण्याएवढी म्हणजे एक. मग काठी उभी चिरायची. अर्धी सरकारकडे, अर्धी भरणाऱ्याकडे. दोन्ही जुळवून पाहिल्या की लबाडीला जागा नाही. "आमची दूधवाली भिंतीवर कोळशाने रेघा काढायची, पण भिंत कुठे चिरता येते!" असा अभिप्राय सौभाग्यवतींनी दिला. या काठ्या इतकी शतके साठत राहिल्या, की अखेर त्या निकामी ठरल्यावर १८३४ च्या ऑक्टोबरात पार्लमेंटच्या तळघरातल्या भट्ट्यांत जाळायला काढल्या. आग भडकली आणि पार्लमेंटची बहुतेक जुनी इमारत एका रात्रीत भस्म झाली. राहिला तो रूफसचा दिवाणखाना. आज शेजारी जे टोकदार मनोरे दिसतात, ते त्या आगीनंतरचे.

आता कायद्याकडे वळू. ११५४ मध्ये दुसरा हेन्री गादीवर आला तेव्हा त्याचे वय एकवीस. आधीची एकोणीस वर्षे गादीच्या भांडणात गेलेली. ज्याच्या हाती काठी त्याची जमीन, असा कारभार. शिवाय हेन्रीचे राज्य स्कॉटलंडच्या सीमेपासून फ्रान्सच्या दक्षिण टोकापर्यंत पसरलेले. कारकिर्दीचा मोठा भाग त्याने समुद्रापलीकडेच काढला. मग इंग्लंड सांभाळायचे कोणी? हेन्रीने काढलेला तोडगा असा, की राजा जागेवर नसतानाही राज्य चालले पाहिजे, अशी तजवीज करायची.

त्याने न्यायाधीश फिरतीवर पाठविले. ११६६ च्या क्लॅरेंडनच्या हुकुमाने प्रत्येक तालुक्यातल्या बारा भल्या माणसांना आणि प्रत्येक गावातल्या चौघांना शपथेवर सांगणे भाग पाडले, की आपल्याकडे खुनी, दरोडेखोर कोण आहेत. आणि जमिनीच्या तंट्यासाठी त्याने जो उपाय काढला, तो तर एखाद्या हुशार कारकुनाला शोभावा असा होता. समजा, बळजोर सरदाराने एखाद्याला जमिनीवरून हुसकून लावले. त्याने राजाच्या चिटणिशीत जायचे, ठरावीक फी भरायची आणि एक चिठ्ठी घ्यायची. तिला म्हणतात रिट. चिठ्ठी शेरीफच्या हाती पडली, की त्याने शेजारपाजारचे बारा जण जमवायचे, त्यांना जमीन दाखवायची आणि न्यायाधीश आले की त्यांना एवढेच विचारायचे: या माणसाला अन्यायाने आणि निवाड्यावाचून बाहेर काढले काय? मूळ मालकी कोणाची, आजोबाने काय दिले, पणजोबाने काय घेतले, तो वाद वेगळा. आधी कब्जा परत, मग वाद!

हेन्री काही संत नव्हता. फी, दंड, जप्ती या सर्वांतून खजिन्यात भर पडे. आणि सरदारांच्या कचेऱ्या ओस पडून लोक राजाच्या दाराशी येत, हा फायदा वेगळाच. पाद्र्यांच्या गुन्ह्यांचा न्याय कोणी करायचा यावरून त्याचे आपल्याच जुन्या मित्राशी, आर्चबिशप टॉमस बेकेटशी, हाडवैर झाले आणि ११७० च्या डिसेंबरात राजाच्या चौघा सरदारांनी बेकेटला कँटरबरीच्या देवळात कापून काढले. चार वर्षांनी हेन्रीला त्याच देवळात अनवाणी जाऊन पाठीवर फटके घ्यावे लागले. सगळ्यांना कायदा लावायला निघालेल्या राजाच्या माणसांनी कायदा सोडला, तेव्हा जाब विचारणारी कचेरी देशात एकही नव्हती. ही उणीव लोकांच्या ध्यानात राहिली असली पाहिजे. कारण हेन्रीच्या मुलाच्या काळात ती भरून काढायचा पहिला यत्न झाला.

तो जेथे झाला ते रनीमीड पाहायला आम्ही एक दिवस काढला. वॉटर्लू स्टेशनवरून गाडीने एगमला उतरायचे आणि तेथून पायी. थेम्सच्या काठी विस्तीर्ण हिरवे कुरण, पलीकडे झाडीने भरलेली टेकडी, आणि डोक्यावरून हीथ्रो विमानतळावर उतरणारी विमाने. वाडा नाही, किल्ला नाही, पडका बुरूजसुद्धा नाही. टेकडीच्या पायथ्याशी अमेरिकेतल्या वकिलांच्या संस्थेने १९५७ मध्ये उभारलेली एक घुमटीवजा छत्री आहे, आणि कुरणात २०१५ मध्ये मांडलेल्या बारा ब्राँझच्या खुर्च्या आहेत. ज्यूरीच्या बारा पंचांची आठवण म्हणून त्या मांडल्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा एकीवर एक चिमुरडी बसून आइसक्रीम खात होती.

राजा जॉन हा हेन्रीचा धाकटा मुलगा. बापाने उभारलेली सगळी यंत्रे त्याच्या हाती आयती आली, आणि त्याने ती पिळवणुकीला जुंपली. १२०४ मध्ये नॉर्मंडी हातची गेली; ती परत मिळवायला पैसा हवा. मग वारसा हक्क मान्य करायचा तर अवाच्या सवा नजराणा, विधवेला दुसरे लग्न नको असेल तर दंड, कोणावर मर्जी फिरली तर निवाड्यावाचून जप्ती. एवढे करून १२१४ मध्ये फ्रान्समधला डाव पुरता फसला. सरदार उठले, लंडनने त्यांना वेशी उघडून दिल्या, आणि १५ जून १२१५ या तारखेची सनद या कुरणात ठरली. हीच मॅग्ना कार्टा. राजाने तिच्यावर सही केली असे चित्रांत दाखवितात. प्रत्यक्षात सही नव्हे, मोहोर उमटविली. त्या वेळच्या प्रतींपैकी चार आज शिल्लक आहेत: दोन लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, एक लिंकनला आणि एक सॉल्झबरीला.

लायब्ररीतल्या काचेपुढे उभे राहिलो, तेव्हा दाट लॅटिन अक्षरांचा तो कागद म्हणजे एखाद्या घरगुती वाटपाच्या दस्तऐवजासारखा वाटला. आणि मजकूरही बराचसा तसाच आहे. नदीतले मासे धरायचे बांध काढा, लंडनची मापे सगळीकडे चालवा, विधवेला बळेच लग्न लावू नका. दिवाणी खटले राजाच्या लवाजम्यामागे फिरू नयेत, ते एका ठरलेल्या जागी चालावेत, असेही एक कलम आहे; ती ठरलेली जागा पुढे वेस्टमिन्स्टरचा हा दिवाणखानाच झाली. या साऱ्या गर्दीत दोन कलमे अशी आहेत, की कोणाही स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्यांच्या निवाड्यावाचून किंवा देशाच्या कायद्यावाचून कैद करू नये, आणि न्याय विकू नये, नाकारू नये, लांबवू नये. 'स्वतंत्र माणूस' हे शब्द मात्र नीट वाचले पाहिजेत. देशातले असंख्य शेतकरी त्या वेळी सरदारांचे बांधील कूळ होते. त्यांच्यासाठी ती सनद नव्हती. सरदारांनी जे मागितले ते मुख्यत्वे सरदारांसाठीच.

आणि ही सनद टिकली तरी किती? दहा आठवडे! ऑगस्टात पोपने ती रद्दबातल ठरविली, जॉनने लढाई पुन्हा सुरू केली आणि पुढच्या वर्षी तो मेलाही. गादीवर आला त्याचा नऊ वर्षांचा मुलगा. त्याच्या पालकांना सरदारांची मनधरणी करायची होती, म्हणून काही कलमे गाळून त्यांनी सनद पुन्हा काढली, १२१७ मध्ये पुन्हा, आणि १२२५ मध्ये राजाने कर मिळविण्याच्या बदल्यात पुन्हा. यापुढे हा परिपाठच पडला. राजाला पैसा हवा असला की लोक म्हणत, आधी सनद वाचा. १३५४ मध्ये एडवर्ड तिसऱ्याच्या कायद्याने त्या कलमातला 'स्वतंत्र माणूस' जाऊन 'कोणत्याही स्थितीतला माणूस' असे शब्द आले. पहिल्या मोहोरेनंतर यास जवळजवळ १४० वर्षे लागली.

मधल्या काळात पहिला एडवर्ड होऊन गेला. १२७२ ते १३०७ ही त्याची कारकीर्द. उंचापुरा, करारी आणि कठोर. वेस्टमिन्स्टर ॲबीत, म्हणजे या दिवाणखान्यापासून रस्ता ओलांडला की, त्याने करवून घेतलेली राज्याभिषेकाची लाकडी खुर्ची आहे; २०२३ च्या राज्यारोहणातही तीच वापरली. एडवर्डने कायद्यामागून कायदे केले, पार्लमेंटमध्ये शहरांचे आणि परगण्यांचे प्रतिनिधी बोलावले, कारण कर हवा होता. त्यानेच वेल्स जिंकले, १२९० मध्ये आपल्या राज्यातल्या सर्व ज्यूंना देशाबाहेर घालविले, आणि १३०५ मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसला याच दिवाणखान्यात उभे करून देहान्त शिक्षा देवविली. कायदे रचणारा हात दयाळू असतोच असे नाही.

या एडवर्डने १२७८ पासून आपल्या सरदारांना एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुम्ही स्वतःची कचेरी चालविता, फाशी देता, जकात घेता. हे सारे कोणत्या अधिकाराने? लॅटिनमध्ये को वॉरंटो. सनद असेल तर दाखवा. कथा अशी सांगतात, की वॉरेन नावाच्या एका वृद्ध सरदाराने गंजलेली तलवार उपसून न्यायाधीशांपुढे धरली आणि म्हटले, ही माझी सनद; विल्यमबरोबर माझ्या पूर्वजांनी हिच्यावर मुलूख मिळविला! गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यातला तंटा खरा आहे. तलवार हा अधिकार की कागद हा अधिकार? एडवर्डने प्रश्न विचारला तो सरदारांना नमविण्यासाठी. परंतु प्रश्न एकदा चलनात आला, की तो कोणी कोणाला विचारायचा यावर राजाचा ताबा उरत नाही.

तो मागे कसा फिरला, हे पाहायला पुन्हा या दिवाणखान्यात यावे. १३७६ मध्ये लोकप्रतिनिधींनी राजाच्या भ्रष्ट अधिकाऱ्यांवर लॉर्डांपुढे खटले भरले. महाभियोग म्हणतात तो प्रकार तेथे सुरू झाला. पाच वर्षांनी, १३८१ मध्ये, शेतकरी उठले. प्लेगच्या साथीनंतर मजूर मिळेनासे झाले तेव्हा मजुरी वाढू नये म्हणून कायदे करणारे आणि ते राबविणारे हेच राज्य होते. बंडखोरांनी जहागिरीची दप्तरे शोधून शोधून जाळली आणि सरन्यायाधीशाचा शिरच्छेद केला. ज्यांना कागद फक्त बेडीच्या रूपाने भेटला, त्यांनी कागदच जाळला. त्यात नवल नाही. आणि १३९९ च्या सप्टेंबरअखेर, डोक्यावरचे ते भव्य छत जेमतेम होत आले होते तेव्हा, ते करविणाऱ्या दुसऱ्या रिचर्डचा राज्यत्याग त्याच छताखाली वाचून दाखविण्यात आला. त्याच्यावरच्या आरोपांपैकी एक असा, की कायदा आपल्या मुखात आहे असे तो समजत असे. सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले. घर बांधणाऱ्याला येथे सुखाने राहायला मिळाले नाही.

दालनाच्या दक्षिण टोकाला रुंद पायऱ्या आहेत. तेथे एक लहानसा पितळी पत्रा बसविला आहे. १६४९ च्या जानेवारीत पहिला चार्ल्स राजा आरोपी म्हणून येथे होता. गंमत अशी, की त्याने न्यायाधीशांना वारंवार एकच गोष्ट विचारली: मला येथे कोणत्या अधिकाराने आणले? एडवर्डचा प्रश्न साडेतीनशेहून अधिक वर्षांनी एका राजाच्याच तोंडी आला, आणि तोही आरोपी म्हणून उभा असताना. खरे सांगायचे तर त्याच्या प्रश्नाला न्यायाधीशांपाशी चांगले उत्तर नव्हते. त्यांच्या पाठीशी सैन्य होते, म्हणजे पुन्हा ती गंजलेली तलवारच. आज बाहेर क्रॉमवेलचा पुतळा आहे आणि रस्त्यापलीकडच्या चर्चच्या भिंतीत चार्ल्सचे मस्तक बसविले आहे. दोघे समोरासमोर.

आपल्याशी नाते सांगणारा खटलाही येथेच चालला. मराठ्यांशी पहिले युद्ध ज्याच्या कारकिर्दीत झाले आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, तो वॉरन हेस्टिंग्ज १७८८ च्या फेब्रुवारीत या दालनात आरोपी होता. १३७६ चे जुने शस्त्र एडमंड बर्कने बाहेर काढले होते. काशीचा राजा चेतसिंग, अयोध्येच्या बेगमा यांच्यावर केलेल्या जुलमाचा जाब लंडनमध्ये विचारला जात होता. प्रवेशपत्रिका मिळविण्यासाठी बड्या घरच्या बायकांची झुंबड उडे. खटला सात वर्षे चालला आणि १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. न्याय लांबवू नये असे सनदेने सांगितले होते! ज्यांच्यावर जुलूम झाला, त्यांना ना सनद होती, ना त्या दालनात उभे राहायला जागा. स्वतःच्या देशात राजाला बांधणारा कायदा इंग्रजांनी जहाजात घालून हिंदुस्थानात आणला तेव्हा तो कितीतरी वेळा बेडी होऊनच आला. राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्यांना १९०८ मध्ये मुंबईच्या हायकोर्टात ज्यूरीनेच दोषी ठरविले, हे आपण कसे विसरू?

तरीही गोष्ट तेथे संपत नाही. वेस्टमिन्स्टरच्या कचेऱ्यांत वकिली करणाऱ्यांची वस्ती मध्ययुगात शहर आणि राजवाडा यांच्या मधल्या भागात झाली. त्या वस्त्यांतून वकिलांच्या चार संस्था निघाल्या. त्यांतली एक ग्रेज इन. १९१६ मध्ये तेथे भीमराव रामजी आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याने नाव घातले आणि १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. त्या काळात ते ज्या घरात राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतले. लंडनला गेलेली मराठी माणसे तेथे आवर्जून जातात, आम्हीही गेलो. पुढे याच विद्यार्थ्याच्या देखरेखीखाली जी राज्यघटना लिहिली गेली, तिच्या बत्तिसाव्या आणि दोनशे सव्विसाव्या अनुच्छेदांत पाच रिटांची नावे आहेत. दुसऱ्या हेन्रीच्या काळात ठरावीक फी भरून मिळणाऱ्या चिठ्ठीचे हे वंशज. त्यांतले एक को वॉरंटो. मराठीत त्याला 'क्वाधिकार' असा शब्द केला आहे. क्व म्हणजे कोठे. कोठे आहे तुझा अधिकार, दाखव! बत्तिसावा अनुच्छेद हा घटनेचा प्राण आहे, अशा अर्थाचे उद्गार डॉ. आंबेडकरांनी घटनासमितीत काढले होते. ज्या समाजाला शतकानुशतके पाण्याला हात लावण्याचाही हक्क नव्हता, त्या समाजातून आलेल्या माणसाने ते शस्त्र परक्या राजांच्या शस्त्रागारातून उचलले आणि कोणत्याही नागरिकाच्या हाती दिले.

एडवर्ड राजाने तो प्रश्न स्वतःसाठी राखून ठेवला होता. आज मुंबईच्या हायकोर्टात एखाद्या सरकारी पदावर बसलेल्या माणसाला तो एखादा निवृत्त शिक्षकसुद्धा विचारू शकतो. उत्तर दर वेळी मिळते असे नाही, आणि मिळते तेव्हा लवकर मिळते असेही नाही. पण रनीमीडची सनद दहा आठवड्यांत मेली होती, आणि जगली ती पुन्हा पुन्हा मागणारे निघाले म्हणून. तेव्हा वाचकहो, लंडनला गेलात तर बिग बेनखाली छायाचित्र जरूर काढा. मग पाठ फिरवून त्या जुन्या दिवाणखान्यात पाच मिनिटे उभे राहा. आणि जाणे जमले नाही, तरी बिघडत नाही. घटनेची प्रत आपल्याकडे कोणत्याही पुस्तकांच्या दुकानात मिळते.